पलसाण्याचा सर्व्हर आणि भिकनअण्णा

माझ्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे तो धंदा काय आहे हे दुसऱ्याला सांगणं. आई शेजारणींना सांगायची, की आमचा मुलगा कंप्युटरच्या वायरी जोडतो. वडील सुरतेजवळच्या उधन्याच्या लूमखात्यात जॉबर, म्हणजे लूम लावून देणारे, दुरुस्त करणारे, होते. त्यांनी एकदाच विचारलं, "तू बनवतोस काय?" मी म्हणालो, वेबसाइट चालवणारी मशिनं बसवतो. त्यांनी थोडा विचार करून विचारलं, "माल कुठून निघतो?" माल असा निघत नाही म्हटल्यावर त्यांनी तो विषय कायमचा सोडला.

तेव्हा वडिलांना जमलं नाही ते निदान वाचकांना तरी सांगून बघतो. वेबसाइट दोन जातीच्या असतात. एक छापलेल्या लग्नपत्रिकेसारखी. एकदा छापली की ज्याला द्याल त्याला तीच. दुसरी दर वेळी नव्याने तयार होते. तुम्ही उघडली तर तुमची माहिती, मी उघडली तर माझी, आणि तासाभराने पाहिली तर बदललेली. ही दुसरी जात चालवायला सर्व्हर लागतो, आणि त्या सर्व्हरच्या आत तीन जण कामाला असतात. दारावरचा माणूस म्हणजे वेब सर्व्हर. कोण आलं, काय मागतोय ते तो बघतो. आतला कारकून म्हणजे प्रोग्राम. तो पान लिहून देतो. आणि मागच्या गोदामातला माणूस म्हणजे डेटाबेस. खरी माहिती त्याच्या ताब्यात. तिघांचं आपसात जमवून देणं हे माझं काम. कोणी कोणत्या दाराने यायचं, कोणाला कशाला हात लावायची परवानगी, कोण रुसला तर कोणी हाक मारायची, हे सगळं लिहून ठेवावं लागतं. एक स्वल्पविराम चुकला की दारावरचा माणूस उठतच नाही. आता हे सगळं भाड्याने तयार मिळतं, बटण दाबलं की झालं. आमच्या वेळी हे हाताने करावं लागे, आणि मला ते फार आवडायचं. आजही त्या पंख्याची घरघर आठवली की बरं वाटतं.

सुरतेत गिऱ्हाइकांची कमी नव्हती, आणि गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार होती. खानदेशात बसगाड्या सोडणाऱ्या एका ट्रॅव्हल्सवाल्याला साइट करून दिली, तर रात्री त्याचा फोन. दुकान वाढवलं, म्हणजे बंद केलं, तरी साइट चालूच कशी? म्हटलं, ती चालूच असते. त्याला ते पटेना. शटर पाडल्यावर आत लाइट चालू राहिल्यासारखं त्याला वाटत होतं. शेवटी त्याच्या समाधानासाठी मी साइटवर रात्री "आम्ही सकाळी भेटू" अशी पाटी लागेल अशी सोय करून दिली. तिकिटं मात्र रात्रीही निघत राहिली, आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

पण मला जो सर्व्हर जन्मभर लक्षात राहील तो पलसाण्याचा. सुरतेबाहेर, पलसाण्याला, हायवेला लागून एक डाइंग-प्रिंटिंगची मिल होती. मिल म्हणजे इथे सूत कातत नाहीत, कापड रंगवतात. लूमवरून कोरं कापड येतं, त्याला ग्रे म्हणतात. रिंग रोडच्या मार्केटातला व्यापारी ते ग्रे रंगवायला मिलमध्ये टाकतो. एकेका व्यापाऱ्याच्या मालाचा एकेक लॉट. तो आधी ग्रेच्या गोदामात पडतो, मग धुलाई, मग रंगाई, मग छपाई, मग स्टेंटर नावाच्या लांबलचक गरम मशीनवर ताणून वाळतो, मग घडी होऊन निघतो. या सगळ्याला किती दिवस लागतील ते कोणालाच सांगता येत नाही, आणि व्यापाऱ्याला रोज तेच विचारायचं असतं.

त्यांना उत्तर द्यायला मिलने एक माणूस ठेवला होता. भिकनअण्णा. खानदेशातल्या दोंडाईच्याकडचा, अंगाने किरकोळ, आवाज मात्र खर्जातला. टेबलावर दोन फोन, आणि दिवसभर एकच वाक्य: "सेठ, आपका माल स्टेंटर पे है." माल ग्रेच्या गोदामात तळाला असो की अजून टेम्पोतच असो, अण्णांच्या तोंडी तो स्टेंटरवर चढलेला असायचा. स्टेंटर म्हणजे आता निघणारच, असा त्याचा अर्थ. व्यापाऱ्यांनाही ते ठाऊक होतं. एक म्हातारा व्यापारी मला म्हणाला होता, की अण्णा खोटं बोलतो हे मला कळतं, पण तो बोलला की घास घशाखाली उतरतो. अण्णा नुसतं खोटं बोलत नसत, कोणाची तब्येत कशी, कोणाच्या मुलीचं लग्न कुठवर आलं, हे विचारून मग खोटं बोलत.

माझी आईही दोंडाईच्याकडचीच, हे बोलता बोलता निघालं. त्या दिवसापासून मी त्यांचा भाचा झालो. मी मात्र सगळ्यांसारखा अण्णाच म्हणत राहिलो.

मिलचे शेठ जुन्या वळणाचे, साठीच्या घरातले. त्यांचा मुलगा चिराग नुकताच शिकून आला होता. व्यापाऱ्याने मार्केटात बसून स्वतःच आपला लॉट पाहावा, ही त्याची कल्पना, आणि चांगली कल्पना. मी सुचवलं, की सर्व्हर बाहेर भाड्याने घेऊ. शेठना ते मंजूर नव्हतं. माझ्या गोदामाची चावी परदेशात ठेवू का, असं त्यांनी विचारलं. मग ऑफिसशेजारची कोळशाच्या पावत्यांची खोली रिकामी करून, एसी लावून, तिथे सर्व्हर बसवला. बॉयलरची धग, कापडातून उडणारी तंतूंची रोंव आणि वरचेवर जाणारी लाइट, या तिघांशी भांडत मी तो उभा केला. चाचणीच्या पहिल्याच दिवशी सकाळी निघालेला माल साइटवर आदल्या रात्रीचा दिसला, कारण मशीनचं घड्याळ परदेशी वेळेवर राहून गेलं होतं. शेठ म्हणाले, आमच्या मिलमध्ये आता अमेरिकेच्या टायमाने माल निघणार का. मी घड्याळ दुरुस्त केलं.

कुठला लॉट कुठून कुठे जातो हे मला कोणीतरी शिकवायला हवं होतं, आणि ते पूर्ण माहीत असलेला माणूस मिलमध्ये एकच होता. त्यामुळे अण्णांचं काम जिच्यामुळे जाणार होतं ती साइट बनवायला मला अण्णांनीच शिकवलं. माझ्याबरोबर खात्याखात्यातून फिरले, प्रत्येक सुपरवायझरची ओळख करून दिली. छपाईवरून माल परत रंगाईला का जातो, हे समजावताना त्यांना हसू आलं. म्हणाले, "भाचा, हाई समदं दखाडशी, ते मी काय सांगू?" म्हणजे हे सगळं तू दाखवणार, तर मग मी काय सांगायचं? मग तेच म्हणाले, जाऊ दे, चहा पी.

साइट सुरू झाली आणि पहिल्या आठवड्यात मिलवर व्यापाऱ्यांची धाड आली. अण्णांच्या तोंडी स्टेंटरवर असलेले सगळे लॉट साइटवर ग्रेच्या गोदामात निघाले. व्यापारी मोबाइल हातात धरून पलसाण्यापर्यंत आले. चिराग घाबरला. साइटवरही सगळ्यांना स्टेंटरच दिसेल असं काही करता येईल का, असं त्याने मला बाजूला घेऊन विचारलं. शेठच्या कानावर ते गेलं. ते म्हणाले, जे आहे ते दिसू दे, आता शिव्या खाऊ, पुढे सवय होईल. तसंच झालं. पावसाळा संपेपर्यंत मार्केटाला साइटची सवय झाली आणि अण्णांचे फोन वाजायचे कमी झाले. पुढे पुढे तर ते दोन फोन पुसून ठेवत आणि समोर बघत बसत. दिवाळीनंतर अण्णांची काही गरज राहणार नाही, असं चिराग मला सहज बोलून गेला. अण्णांना ते कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळत होतं. मला त्यांच्या टेबलावरून जाणं जड व्हायला लागलं होतं.

मग दसरा आला. दिवाळीच्या तोंडावरचा दसरा म्हणजे मिलचा सगळ्यात धावपळीचा काळ. मी घरी होतो, आपट्याची पानं वाटायला निघायच्या तयारीत. चिरागचा फोन आला, की साइट बंद आहे, मार्केट बोंबलतंय, आणि सकाळी सर्व्हरच्या खोलीतून अण्णांना बाहेर येताना लोकांनी पाहिलंय. पुढचं तो बोलला नाही, पण त्याला काय म्हणायचंय ते मला समजलं.

मी मोटारसायकल काढून पलसाण्याला गेलो. खोलीचं दार उघडं होतं. आत सगळं स्वच्छ झाडलेलं, मशीनवरची धूळ पुसलेली. सर्व्हरच्या कपाळावर, म्हणजे जिथे त्याचा हिरवा दिवा असतो त्याच्या वर, हळदकुंकू. गळ्यात झेंडूची माळ, पुढ्यात नारळाची दोन शकलं आणि साखर. आणि मशीन थंड पडलेलं.

हे दुसऱ्या कोणाला कळलं नसतं, मला पाहताक्षणी कळलं. आमच्याकडे लूमखात्यात दसऱ्याला हेच करतात. आधी मेन स्विच पाडायचा, मशीन पुसायचं, तेलपाणी करायचं, मग हळदकुंकू, मग नारळ. चालत्या मशीनला कुंकू लावायला हात जातच नाही. वडील सांगायचे, वर्षभर राबलेल्या लूमला तेवढा वेळ तरी श्वास घेऊ द्यावा. मिलमध्येही सकाळपासून खात्याखात्यात एकेक मशीन थांबवून पूजा झाली होती. सर्व्हर मात्र कोणाच्याच लक्षात आला नव्हता. अण्णांच्या आला. येताना लिंबायतच्या बाजारातून त्यांनी पदरच्या पैशाने वेगळी माळ आणली होती.

स्विच त्यांनी थेट भिंतीवरच पाडला होता, लूमचा पाडतात तसा. सर्व्हरला हे चालत नाही. गोदामातला माणूस काहीतरी लिहीत असताना दिवे गेले, तर त्याचं अर्धं वाक्य तसंच राहतं, आणि मग तो पुढचं काही बोलायलाच तयार होत नाही. मी मशीन चालू केलं. दारावरचा माणूस उठला, कारकून उठला, डेटाबेस उठेना. लॉटची सगळी माहिती असलेलं नेमकं तेच कोष्टक मोडलं होतं. मी माळ बाजूला न करताच बसलो आणि दुरुस्तीला लागलो.

बाहेर टेबलावरचे दोन्ही फोन परत वाजायला लागले होते. इतक्या दिवसांनी सगळं मार्केट पुन्हा अण्णांना विचारत होतं. मला वाटलं, आता ऐकू येणार स्टेंटर. पण अण्णा लॉटचा नंबर घेत, फोन ठेवत आणि उठून खात्यात जात. स्वतः माल बघून येत आणि मग परत फोन लावत. "नहीं सेठ, अभी रंगाई में है. दो दिन लगेगा." पलीकडचा व्यापारी म्हणाला असावा, की अण्णा, नीट सांगा. अण्णा म्हणाले, "सच ही बोल रहा हूँ, सेठ. देख के आया." त्या व्यापाऱ्याचा विश्वास बसला नाही. त्याने मिलमधल्या दुसऱ्याच माणसाला फोन करून तेच पुन्हा विचारून घेतलं. साठीकडे झुकलेले अण्णा दुपारभर खात्यातून ऑफिसात आणि ऑफिसातून खात्यात फेऱ्या मारत होते, आणि मी आत बसून त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत होतो. मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि फार वाईटही वाटत होतं.

दुपार कलल्यावर कोष्टक दुरुस्त झालं, साइट आली. कोणाचा एकही लॉट हरवला नव्हता. मी हात धुऊन बाहेर आलो तेव्हा शेठच्या केबिनमध्ये चिराग आणि अण्णा उभे होते. चिराग म्हणत होता, की हे मुद्दाम केलेलं आहे, साइट बंद पडली की फोन परत यांच्याकडे येतात हे यांना माहीत होतं. त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. त्याच्या हिशेबाने दुसरं कारण निघतच नव्हतं.

शेठनी अण्णांकडे पाहिलं. "अण्णा, जान-बूझकर किया?"

अण्णांना तो प्रश्न समजायलाच जरा वेळ लागला. मग ते म्हणाले, "स्विच जान-बूझकर ही बंद किया, सेठ. चालू मशीन का पूजा नहीं होता."

पुढचं मी सांगितलं. लूमखात्यातली रीत, माझ्या वडिलांचं, माळेचं, सगळं. मिलमधल्या बाकी मशिनांसाठी माळा मिलने आणल्या होत्या, ही एकच अण्णांनी आणली, हेही सांगितलं. चिराग सर्व्हरच्या खोलीत गेला, बघून आला आणि खाली मान घालून बसला. शेठनी अण्णांना पेढा दिला. "ठीक है, अण्णा," एवढंच म्हणाले. जाताना शेठनी मला थांबवून सांगितलं, की अण्णांना काढायचं नाही, दिवाळीनंतर डिस्पॅचच्या गेटवर बसवायचं. मी खूश होऊन घरी आलो. माझ्या मते विषय मिटला होता.

दिवाळीला सुरत रिकामी होते. आमची सगळी माणसं गावी जातात आणि लाभपाचमनंतर, म्हणजे कार्तिकातल्या पंचमीनंतर, हळूहळू परततात. मिल सुरू झाली, खाती भरली, अण्णा आले नाहीत. शेठनी फोन केला. अण्णा म्हणाले, निघालोच आहे. दोन-तीन दिवसांनी शेठनी परत केला. अण्णा म्हणाले, गाडीत बसलोय, नंदुरबार आलं. पुढच्या फोनला नवापूर मागे पडलं होतं. त्यानंतर शेठनी मला बोलावलं. म्हणाले, "अण्णाने मुझे व्यापारी बना दिया. मुझे भी स्टेंटर सुनाता है." आणि लगेच दुसऱ्या दिवशी गाडी काढायला सांगितली. रस्ता दाखवायला मी बरोबर.

आम्ही त्यांच्या गावी पोचलो तेव्हा अण्णा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. शेठना गाडीतून उतरताना पाहून ते गडबडून उठले, आत जाऊन धुतलेला सदरा घालून आले. मामींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, वांग्याचं भरीत केलं, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी टाकल्या. शेठ पाटावर मांडी घालून जेवायला बसले. अण्णांनी मिलमधल्या एकेकाची चौकशी केली, आणि मग विचारलं, की ते मशीन ठीक चालतंय ना. शेठ म्हणाले, चालतंय.

"चलो अण्णा," शेठ म्हणाले. "गाड़ी लेकर आया हूँ."

अण्णा नुसते हसले. त्यांनी शेठच्या पानात आणखी भाकरी वाढली.

"मैंने तो सिर्फ़ पूछा था, अण्णा. मान भी लिया था."

"हां सेठ. आपका कुछ गलती नहीं." मग ते माझ्याकडे वळले आणि आपल्या बोलीत म्हणाले, "भाचा, जलमभर खोटं बोलनू, तव कोनी माले खोटा म्हनं नही. एक दिन खरं वागनू, तव माले इचारं."

शेठचा हात पानात थांबला होता. अण्णा काय म्हणाले ते त्यांनी मला विचारलं. मी सौम्य करून सांगू शकलो असतो. पण अण्णा माझ्याकडे बघत होते, म्हणून जसंच्या तसं हिंदीत सांगितलं: जन्मभर खोटं बोललो, तेव्हा मला कोणी खोटा म्हटलं नाही, एक दिवस खरं वागलो, तर मला विचारलं. शेठनी ताटातली भाकरी संपवली, मामींना हात जोडले, आणि आम्ही निघालो.

मामींनी निघताना वांग्यांची पिशवी दिली होती. ड्रायव्हर ती डिकीत ठेवायला निघाला, पण शेठनी ती मागून घेतली आणि मांडीवर धरून बसले. नंदुरबार गेलं, नवापूर गेलं. मला अण्णांचं ते रिकामं टेबल दिसत होतं, आणि आता ते रिकामंच राहणार हे कळत होतं.

सोनगडच्या अलीकडे शेठ एकदम पुढे झुकले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी पाछी वाळ. एक बार और पूछ लेता हूँ."

ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, वळायला जागा मिळेपर्यंत थांबला. बाजूने उसाचे ट्रक जात राहिले. तेवढ्या वेळात शेठ पुन्हा मागे टेकले.

"नहीं," ते म्हणाले. "अब पूछना नहीं है."

आणि मांडीवरून घसरत चाललेली पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी जवळ ओढून घेतली.